हीटर प्लग गेला म्हणणाऱ्याला काय विचारायचं?

(चितेगाव येथे बचत गटांच्या गाड्या चालवणाऱ्या व सांभाळणाऱ्या स्त्रियांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गाडीवर बोलायला समाजकार्य शिकलेली बाई कशाला, असं काही जणींना वाटलं असेल. मी फिटर नाही. पण गटांचे हिशोब बघायला बसते तेव्हा हिवाळ्यात दुरुस्तीचा आकडा फुगलेला दिसतो. बिलावर एकच ओळ: ‘हीटर प्लग, वायरिंग, लेबर’. नेमकं काय बिघडलं होतं असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘मिस्त्री म्हणाला.’ गॅसची गळती आपण साबणाचं पाणी लावून शोधतो, तिथे कुणी आपल्याला अडाणी म्हणत नाही. बॉनेट उघडलं की मात्र दोन पावलं मागे उभं राहायला सांगतात. आणि वर ऐकवतात, बाई चालवते म्हणून गाडी लवकर बिघडते!

आधी हा प्लग करतो काय ते बघू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. पण थंडीत पहाटे इंजिनाचा धातू गार असतो, तो हवेची उष्णता शोषून घेतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक कांडी बसवलेली असते. काही सेकंदांत तिचं टोक ८०० ते १००० अंशांपर्यंत तापतं. हाच ग्लो प्लग, गॅरेजच्या भाषेत हीटर. चावी फिरवल्यावर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो तो त्याचा. दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा. नव्या गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावरही प्लग थोडा वेळ तापत राहतात, म्हणजे पांढरा धूर कमी होतो.

आता गाडी सुरू होत नाही. कान आणि डोळे वापरा. सेल्फ रडत, हळू फिरतो का? मग आधी बॅटरी आणि तिच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी बघा, हीटरचं नाव नंतर. सेल्फ जोरात फिरतो, मागून पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही? म्हणजे डिझेल पोहोचतंय, पेटत नाहीये. इथे हीटरवर संशय घ्या. धूरच नसेल तर डिझेलच पोहोचत नसावं. सुरू होऊन मिनिटभर थरथरते आणि मग सरळ चालते, तर एखादाच प्लग गेलेला असू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा: एक प्लग बंद आहे की चारही? चारही प्लग एकाच दिवशी मरणं दुर्मीळ. चारही थंड असतील तर बहुधा वीजच येत नाही. मग मोठा फ्यूज, रिले किंवा कंट्रोल मॉड्यूल, आणि अर्थिंग तपासायला हवं. आपल्याकडे उंदरांनी कुरतडलेली वायर हेही कारण निघतं, आणि ते फुकटात दिसतं. एकच बंद असेल तर तो प्लग किंवा त्याची वायर. म्हणून ‘चारही बदलावे लागतील’ असं कुणी न मोजता सांगितलं तर विचारा, ‘मोजून दाखवा.’

मोजायचं कसं? चावी बंद करून प्लगची वायर काढायची. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगवर, दुसरं इंजिनाच्या धातूवर. साधारण एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी आलं तर आतली तार शाबूत आहे. मीटरने काहीच दाखवलं नाही तर तार तुटली. पण अशक्त झालेला प्लग या मोजणीत सुटतो. म्हणून क्लॅम्प मीटरने चारही वायरींतला करंट मोजून एकमेकांशी ताडून बघणं जास्त खरं.

एक इशारा. नव्या गाड्यांचे बरेच प्लग ५ किंवा ७ व्होल्टचे असतात, मॉड्यूल त्यांना तुटक-तुटक वीज देतं. तपासायला थेट १२ व्होल्टची बॅटरी लावली तर चांगला प्लगही जळतो. आणि प्लग काढताना तो आत तुटला तर हेड उतरवण्यापर्यंत खर्च जातो. इंजिन कोमट असताना, हळू हाताने, जाणत्या फिटरकडूनच काढून घ्या.

स्कॅनर लावला असेल तर कोड लिहून घ्या. पी ०६७१ ते ०६७४ म्हणजे एक ते चार सिलिंडरचे प्लग, पी ०६७० म्हणजे मॉड्यूलचं सर्किट. कोड जागा सांगतो, पण दोष प्लगचा की वायरचा हे सांगत नाही. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. त्या घराण्याच्या जुन्या डिझेल गाड्यांत तर ब्रेकच्या दिव्याचा स्विच बिघडला तरी हाच पिवळा दिवा लुकलुकतो! लुकलुकला म्हणून प्लग बदलून टाकायचे नाहीत.

२०२० साली बीएस-६ लागू झाल्यावर मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, पण जुन्या गाड्या फिरताहेत आणि गटांच्या वाट्याला त्याच येतात. म्हणून काढलेले प्लग परत मागा. बिल मागा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष दुरुस्तीबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. भांडायला लागेलच असं नाही. ‘कोणत्या सिलिंडरचा, किती ओहम?’ एवढं विचारलं की गॅरेजवाल्याचा सूर बरेचदा बदलतो.

चला, आता बाहेर उभ्या गाडीचं बॉनेट उघडू. मीटर आळीपाळीने सगळ्यांच्या हातात जाऊ द्या.