सूत्रातले आकडे कोणाचे?



गणिताच्या तासाला सूत्र पाठ झालं की आपण सुटायचो. आज ज्या सूत्राबद्दल बोलतेय, ते पाठ करून भागत नाही.

यकृत प्रत्यारोपणात जिवंत दात्याच्या यकृताचा भाग रुग्णाला देतात. तो लहान पडला तर रुग्णाचं निभत नाही. जास्त काढला तर दात्याच्या जिवावर बेततं. दात्याचं यकृत सीटी स्कॅनवर मोजता येतं. रुग्णाचं मात्र अनेकदा आजाराने आक्रसलेलं, ते मोजून काय उपयोग? त्याला मुळात किती यकृत असायला हवं, हे उंची-वजनावरून शरीराचं पृष्ठफळ काढून ठरवतात.

जपानमध्ये उराता आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली सूत्र दिलं: पृष्ठफळ गुणिले ७०६.२, अधिक २.४. पाश्चात्त्य प्रौढांवरून २००२ साली दुसरं आलं: पृष्ठफळ गुणिले १२६७.२८, वजा ७९४.४१. आता १.७ चौरस मीटरचा माणूस घ्या (आपल्यातले बरेच तिथेच असतील, दहावीत नव्हतो!). पहिल्याचं उत्तर १२०३ मिलिलिटर, दुसऱ्याचं १३६०. माणूस तोच, गुणाकारही दोन्हीकडे बरोबर. मोजलेली माणसं वेगळी.

आपल्याकडच्या रुग्णाला यातलं कुठलं लावायचं? डॉक्टर आणखी एक आडाखा वापरतात: दिलेला भाग रुग्णाच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के हवा, म्हणजे ६० किलोला ४८० ग्रॅम. तरी प्रश्न उरतोच.

आमच्या प्रोग्रामिंगच्या धंद्यात ७०६.२ एका ओळीत गडप होतो. पडद्यावर नुसतं उत्तर दिसतं. सूत्र कुठल्या लोकांवरून काढलंय, हे त्या उत्तराशेजारीच दिसलं पाहिजे, असा माझा हट्ट आहे.