कै. गोदावरीबाई परुळेकर : जीवन व कार्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा कोणाच्या चरित्रावर बोलणार, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी गोदावरीबाई परुळेकरांचे नाव सांगितले. त्यावर एकदोघींनी म्हटले, "त्या लाल बावट्याच्या ना? मग आपल्या मंडळात कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांच्या पक्षाची नाही, आणि कोणत्याच पक्षाचा प्रचार करायला येथे उभी नाही. परंतु देशभर नाव झालेली ही बाई आपल्याच ठाणे जिल्ह्यात घडली. आसनगावहून टिटवाळा तिसरे स्टेशन. मुरबाडच्या भगिनीही तिथे गणपतीच्या दर्शनाला जातात. त्या टिटवाळ्यात १९४५ साली काय घडले हे मात्र आपल्या मुलींना ठाऊक नसते. म्हणून हे चार शब्द.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ सालचा, पुण्याचा. माहेरच्या त्या गोखले. वडील नामांकित वकील, घरात सुबत्ता. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. वकिली करून सुखाने राहता आले असते. परंतु सत्याग्रहात भाग घेऊन त्या तुरुंगात गेल्या. वडील नेमस्त मताचे. त्यांना हे रुचले नाही. मुलीने घर सोडले आणि मुंबईचा रस्ता धरला. पुढे भारत सेवक समाजाने त्यांना आजीव सभासद करून घेतले; तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मुंबईत त्यांनी साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकाम करणाऱ्या नोकरमाणसांची संघटना बांधली. १९३९ साली समाजातलेच कार्यकर्ते शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि दोघेही पुढे कम्युनिस्ट पक्षात व शेतकऱ्यांच्या कामात पडली.

आता टिटवाळ्याची गोष्ट. १९४५ च्या जानेवारीत तेथे महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. तिच्या तयारीसाठी गोदावरीबाईंनी ठाणे जिल्ह्यातली खेडी पायाखाली घातली होती. परिषदेला उंबरगाव भागातले काही वारली आले. मोठ्या सभेत बोलण्याची त्यांना सवय कुठली? तरी त्यांच्यातला माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहिला आणि आपल्या बोलीत वेठीचे दुःख सांगू लागला.

काय होते ते दुःख? लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे काढायचे, आणि त्याबदल्यात नवऱ्याने आयुष्यभर त्याच्याकडे फुकट राबायचे. अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. लग्न करून आणलेली बायकोही त्याच्याबरोबर बांधली जाई. मारझोड तर रोजचीच, आणि बाईची अब्रूदेखील मालकाच्या मर्जीवर. भगिनींनो, ज्या मांडवात आपण मंगलाष्टके म्हणतो, त्याच मांडवात त्या मुलीच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर गुलामी पडत असे.

गोदावरीबाई त्या मुलखात गेल्या. वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांच्याबरोबर नाचणीची भाकर खाल्ली, मैलोगणती चालल्या. व्याख्याने देण्याआधी त्यांनी ऐकून घेतले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे, म्हणजे आजच्या तलासरी तालुक्यात, हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवले : वेठ करायची नाही, मालकाच्या शेतावर रोख बारा आणे रोजाखेरीज जायचे नाही, मारायला आला तर सर्वांनी मिळून उभे राहायचे. बारा आणे! मागणी केवढी लहान, आणि ती करायला छाती केवढी लागली!

त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे रतल गवताला अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला. तेव्हा गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला या, अशी खोटी आवई कोणी उठवली. वारली तिला 'गोदाराणी' म्हणत. आपल्या राणीला वाचवायला हजारो माणसे धावली, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तिथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. जेठ्या गांगड हा त्यांतला पहिला. बाई तर तिथे नव्हत्याच! पण त्यानंतरही संप मोडला नाही. दरवर्षी त्या दिवशी हुतात्म्यांचे स्मरण होते.

पुढचे थोडक्यात सांगते. जिल्ह्यातून हद्दपारी, भूमिगत राहणे, पुनःपुन्हा तुरुंगवास हे सारे त्यांनी सोसले. १९५७ साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले; १९६५ साली ते तुरुंगातच वारले. १९७० मध्ये बाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८६ साली अखिल भारतीय किसान सभेने त्यांना अध्यक्ष केले. त्या जागी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

हे पुस्तक मी वयाच्या तिशीत वाचले आणि मला रात्रभर झोप आली नाही. कारण सांगते. माझ्या माहेरी वाडीवरून एक ठाकर बाई कामाला येत असे. आषाढात तिच्या घरातला दाणा संपला की माझी आजी तिला खावटीचे भात मापून देई. एक पायली न्यावी, पीक आले की दीड पायली आणून घालावी. आजी देवभोळी, कोणाला वाईट शब्द न बोलणारी. आम्हां पोरांना वाटे, केवढी दयाळू आहे आपली आजी! त्या बाईला चहा मिळे, पण अंगणात, आणि कप निराळा गोठ्याच्या वळचणीला पालथा घातलेला असे. पुस्तक मिटल्यावर मला एकच आठवेना : त्या बाईचे नाव काय? आम्ही तिला 'ठाकरीण' म्हणून हाक मारीत होतो. दहा वर्षे तिने आमची लावणी केली, आणि तिचे नाव कोणी विचारले नव्हते.

गोदावरीबाईंनी नाव विचारले. मला वाटते, त्यांचे सारे राजकारण तिथून सुरू झाले. त्यांचे मत पटो वा न पटो, हा धडा कोणत्याही पक्षाचा नाही.

वेठबिगारीवर १९७६ साली कायद्याने बंदी आली. तरीही दिवाळीनंतर कातकऱ्यांची कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि उचल फिटेपर्यंत मोकळी होत नाहीत, हे आपल्याला काय ठाऊक नाही? त्यांची मुले शाळेतून उठतात, तेही आपण पाहतो. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात वाडीवरची बाई हंडा घेऊन मैलभर चालते, हेही पाहतो.

मी काल आपल्या मंडळाची सभासदांची वही चाळली. इतक्या वर्षांत वाडीवरच्या एकाही बाईचे नाव त्यात नाही. आपण हळदीकुंकू करतो, शिवणवर्ग चालवतो, सहली काढतो; त्यात वाईट काही नाही. पण माझी एक सूचना आहे. यंदा प्रत्येकीने वाडीवरच्या एका बाईला नावाने हाक मारून मंडळात आणावे. पहिल्या वर्षी तिच्याकडून वर्गणी घेऊ नये. आणि चहा तिला सतरंजीवर, आपल्याच कपातून द्यावा.

अध्यक्षीणबाईंनी हा ठराव आजच मांडावा, अशी माझी विनंती आहे. विरोध असेल तर तोही उघड बोलून दाखवावा. बोलायला घाबरू नये, एवढे तरी आपण गोदाराणीकडून शिकू.