चित्रविद्येचे शिक्षण आणि आपली मुले



अंबरनाथ, बदलापूर वा उल्हासनगर येथील एखाद्या मुलाने चित्रपट-दूरचित्रवाणी शिकण्याची इच्छा दर्शविली, की घरची वडीलधारी मंडळी चिंतातुर होतात. पूर्वी ही विद्या उमेदवारी करूनच मिळे. दामले, शांताराम यांनी ती कोल्हापुरात बाबूराव पेंटरांपाशी संपादिली. १९६० साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्याच जागेत सरकारी संस्था निघाली आणि ओळखीवाचून, परीक्षेच्या बळावर प्रवेश शक्य झाला. तेथे पदवीनंतर छायालेखन, ध्वनिमुद्रण, संकलन शिकविले जाते. १९७४ पासून दूरचित्रवाणीचेही शिक्षण मिळते. तेथीलच विद्यार्थी रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ध्वनिमिश्रणाचे ऑस्कर पारितोषिक लाभले. पुढील कामाची शाश्वती मात्र कोणीच देत नाही. म्हणूनच मंडळाने आपल्या शिष्यवृत्तीत या विद्यार्थ्यांनाही स्थान द्यावे, ही नम्र विनंती.