वाटे घालण्याआधी



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंची शेळी रात्रीतून मेली. पोट टम्म फुगलेलं, नाकातोंडातून काळपट रक्त. शेळी गटाच्या कर्जातली, दोनच हप्ते फिटलेले. शेजारी म्हणाले, "मातीत कशाला घालता? वाटे घाला, थोडे पैसे तरी निघतील." खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटत होतं.

तेवढ्यात पशुसखी म्हणाली, "सुरी लावू नका. काळपुळी असली तर?"

काळपुळीला कुणी फाशी म्हणतं, डॉक्टर अँथ्रॅक्स म्हणतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी अचानक मरते, रक्त गोठत नाही. जनावर न कापता ठेवलं तर आतले बरेचसे जंतू कुजण्यात मरतात. कापलं, हवा लागली, की ते कवच धरतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. चुलीवरच्या उकळीनेही ते मरतील याचा भरवसा नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये थायलंडच्या मुकदाहान प्रांतात धार्मिक कार्याला गाय कापली, मांस वाटलं. कापणाऱ्यांपैकी एक माणूस या रोगाने ३० एप्रिलला दगावला. मांस हाताळलेल्या आणि खाल्लेल्या सहाशेहून जास्त लोकांवर लक्ष ठेवावं लागलं.

कापणाऱ्याच्या हातावर फोड येतो, तो दुखत नाही, मग काळी खपली धरते. खाणाऱ्याला बहुधा आठवड्याच्या आत ताप, पोटात कळा, उलटी-जुलाबात रक्त, कधी घशाला सूज. वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचू शकतो. म्हणून दवाखान्यात सांगायची लाज धरू नका. मेलेल्या जनावराचं खाल्लं असेल तर तेच आधी सांगा.

आम्ही १९६२ वर फोन केला. डॉक्टरांनी शेळी न कापता कानातून रक्ताचा थेंब घेतला. कुत्री येऊ नयेत म्हणून आम्ही राखण केली. मग विहिरीपासून, चराईपासून लांब सहा फूट खड्डा घेऊन, चुना टाकून कातड्यासकट पुरली.

तपासणीत काळपुळी निघाली नाही. पण सुरी लावण्याआधी ते कुणाला कळलं असतं?

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही ताईंचे तीन हप्ते पुढे ढकलले आणि ठराव लिहिला: गटातलं जनावर मेलं तर वाटे नाहीत, आधी फोन. तुमच्याही वहीत हा ठराव लिहा. हप्ता पुढे ढकलता येतो, मैत्रिणींनो, गेलेला माणूस परत येत नाही.