पट्टा आवळून पुसेगावला

बैलगाड्यांची शर्यत उभं राहूनच बघावी लागते आणि मला अर्ध्या तासाच्या वर उभं राहवत नाही. कंबरेच्या दोन मणक्यांचं दुखणं गेली अकरा वर्षं मुक्कामाला आहे. तरी गेल्या मार्गशीर्षात भाचा म्हणाला, "मामू, पुसेगावला येता का?" आणि मी पट्टा आवळून निघालो.

लोणंदहून सालपे घाट, वाठार स्टेशन, कोरेगाव. रस्त्यातला एकेक खड्डा कंबरेनं मोजला. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत अब्बा बांगड्यांचं दुकान लावायचे, तेव्हा मी दुकान सोडून शर्यतीला पळायचो. तो धुरळा अजून नाकात आहे.

भाच्यानं कुठूनशी प्लास्टिकची खुर्ची आणली. पण गाड्या सुटल्या की पुढचे सगळे उठतात, खुर्चीतल्या माणसाला नुसत्या पाठी दिसतात. शेवटी बांधाला टेकून उभा राहिलो. समालोचकाचा आवाज चढला, झेंडा पडला आणि खिलारांच्या जोड्या आपापल्या फाटीतून सुटल्या. निकाल लागायला मिनिटही लागत नाही. तेवढ्यात मीही घसा फोडून ओरडलो. कळ गेली नव्हती. मी तिच्याकडे बघत नव्हतो, एवढंच.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या काळात चहाच्या टपरीवर मी बैलमालकांच्या बाजूनं तावातावानं भांडायचो. पण वाद मुळात बैलाच्या वेदनेचा होता, आणि त्या विषयातलं मला थोडंफार कळतं. डॉक्टर विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" मी सात सांगतो. बायको बरोबर असली तर पाच. बैलाला आकडा सांगता येत नाही.

गट संपल्यावर भाच्याच्या ओळखीच्या एका जोडीपाशी गेलो. हरलेली जोडी. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मालक ओल्या फडक्यानं तोंड पुसत होता, मायेनंच पुसत होता.

"दमलाय नुसता," तो म्हणाला.

मीही घरी असंच सांगतो. बैलाच्या पाठीवर हात ठेवला. कातडी थरथरली, पण तो सरकला नाही.

परतीला घाटात भाच्यानं विचारलं, पुढच्या वर्षी याल का? येतो म्हणालो, पण सुटायच्या आधी जोड्या जवळून दाखवणार असशील तर.