क्लम म्हणजे आळस नव्हे

(मंडळाच्या कर्जत येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या कर्जत-खालापूर भागात अलीकडे घरोघरी एक तक्रार ऐकू येते. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही, थोडे काम केले तरी गळून गेल्यासारखे होते, वाचलेले ध्यानात राहत नाही, आणि हे सारे महिनोन्‌महिने चालते. ताप नाही, सूज नाही, म्हणून घरातील माणसे म्हणतात, ‘याला काही झालेले नाही, हा नुसता आळस आहे.’ या एका शब्दाने किती जणांचे नुकसान होते, हे वैद्यकीच्या व्यवसायामुळे आमच्या रोज पाहण्यात येते. म्हणून आज हाच विषय आम्ही आपणापुढे मांडणार आहोत.

आपल्या शास्त्रकारांनी या बाबतीत फार सूक्ष्म भेद केला आहे. कष्ट केल्याने येणारा तो श्रम. तो विश्रांतीने जातो, त्याची चिंता नको. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘क्लम’ आणि ‘आलस्य’ यांची लक्षणे जवळजवळ दिली आहेत, पण निरनिराळी दिली आहेत. आयास केल्यावाचून शरीरात जो थकवा वाढतो, ज्यात दम लागत नाही, पण इंद्रियांना आपापली कामे नीट करता येत नाहीत, तो क्लम. अंगी शक्ती असूनही सुखाच्या ओढीने व दुःखाच्या तिटकाऱ्याने कामाचा उत्साह नसणे, हे आलस्य. ‘शक्ती असूनही’ हे शब्द आपण नीट ध्यानात घ्यावेत. आळशाजवळ बळ असते, इच्छा नसते. क्लमाने ग्रासलेल्याला इच्छा असते, बळ नसते. आळशाला कामाला लावावे, हे योग्यच आहे. परंतु तोच उपाय क्लम झालेल्यावर केला, तर त्याचे उरलेसुरले बळही जाते.

आपल्याकडे या थकव्याची कारणे कोणती, ते पाहू. कर्जतहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १०० किलोमीटर आहे. नोकरीसाठी रोज लोकलने जाणाऱ्याचे येण्याजाण्यात चार तासांहून अधिक जातात. अंधारात उठावे, उभ्याने प्रवास करावा, अवेळी जेवावे, रात्री उशिरा अंथरूण गाठावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. खोपोलीकडील कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांची झोप तर उलटीपालटीच असते. घरातील स्त्रियांची स्थिती याहून कठीण, कारण पुरुषाचा डबा चारला भरावयाचा तर तिने त्याच्या आधी उठावयाचे, आणि जेवावयाचे मात्र सर्वांच्या मागून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. यालाच आयुर्वेदात पांडुरोग म्हणतात. ज्या घरात सून ‘आळशी’ ठरली आहे, त्या घराने हा आकडा ध्यानी ठेवावा.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, थकवा दोन-तीन आठवडे टिकला तर प्रथम तपासणी करून घ्यावी. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व यांची परीक्षा करावी. वजन घटत असेल, सायंकाळी ताप येत असेल, खोकला राहत नसेल तर क्षयाची शंका घ्यावी. झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडत असेल, किंवा मन सतत खिन्न असेल, तर तेही डॉक्टरांस सांगावे. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्याने या परीक्षांना विरोध करण्याचे कारण नाही. रोगाची परीक्षा आधी व औषध नंतर, हा चरकाचाच उपदेश आहे.

आता आहाराकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात श्रम हरण करणारी दहा द्रव्ये सांगितली आहेत. ती अशी: द्राक्षे, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठी तांदूळ. या यादीत सोने-मोती नाही, दुर्मिळ वनस्पती नाही. बहुतेक सारे बाजारात मिळते. साठी म्हणजे साठ दिवसांच्या सुमारास तयार होणारे भात, आणि आपला प्रदेश तर भाताचाच. दुखण्यातून उठलेल्यास शास्त्रात आधी पेया, मग विलेपी, मग यूष असा क्रम सांगितला आहे. आपल्या आजीची पातळ पेज, मग दाट पेज, मग मुगाचे कढण म्हणजे हाच क्रम होय. स्थानकावरचा बटाटावडा आम्हालाही आवडतो, परंतु तो रोजचे जेवण होऊ शकत नाही, एवढेच सांगतो. मधुमेही माणसाने मात्र खजूर, ऊस यांबाबत वैद्याचा सल्ला घ्यावा.

आहाराइतकीच निद्रा महत्त्वाची. शास्त्राने तिला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे. दिवसा झोपू नये हा नियम सर्वांस ठाऊक असतो, त्याचे अपवाद मात्र कोणी सांगत नाही. काम, ओझे व वाटचाल यांनी थकलेले, क्षीण झालेले, वृद्ध व बालक यांस चरकाने दिवसा झोपण्याची मोकळीक दिली आहे. जागरणाची सवय नसलेल्यास ते घडले, तर जितका वेळ जागला त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपावे, असे वाग्भट सांगतात. रात्रपाळीवरून आलेल्या मुलास ही झोप घेऊ द्यावी. रात्री तळपायांस तेल चोळावे. वाग्भटांनी अभ्यंगाला श्रम दूर करणारा म्हटले आहे.

व्यायामाबद्दल आमच्या लोकांत मोठा गैरसमज आहे. ‘पळा, घाम गाळा, थकवा पळेल’ असे सांगितले जाते. वाग्भटांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसालाही अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम सांगितला, मग दुर्बळाने किती करावा? ज्वर उतरल्यावर अंगी बळ येईपर्यंत व्यायाम व हिंडणे वर्ज्य करावे, असे चरकांनी स्पष्ट बजावले आहे. दर पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या तापातून उठलेला मनुष्य तिसऱ्याच दिवशी लोकल पकडतो, आणि २०२०-२१ च्या कोविडनंतरही अनेकांनी असेच केले. पाश्चात्य वैद्यकातही सहा महिन्यांहून अधिक टिकणारा, श्रमानंतर वाढणारा, झोपेने न जाणारा असा थकव्याचा एक स्वतंत्र रोग मानला आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने त्यासाठी क्रमाने व्यायाम वाढवण्याचा उपाय पूर्वी सुचवला होता. २०२१ साली तिने तो मागे घेतला, आणि शक्तीच्या मर्यादेत राहून काम करावे असे सांगितले. अशा रोग्याने अर्ध्या शक्तीच्याही बरेच अलीकडे थांबावे.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. अश्वगंधा, शतावरी, च्यवनप्राश ही रसायने गुणकारी मानली गेली आहेत, परंतु मळलेल्या वस्त्रास रंग चढत नाही, हा वाग्भटांचा दृष्टांत विसरू नये. अग्नी मंद असता रसायन व्यर्थ जाते. अश्वगंधेने क्वचित यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदर स्त्रियांनी व थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. धातूंची भस्मे तर जाणत्या वैद्यावाचून कधीच घेऊ नयेत. जुनाट थकवा आठ दिवसांत घालवतो असे जो म्हणेल, त्याच्यापासून दूर राहावे. कोणत्याही पद्धतीत असे हमखास औषध आज नाही.

शेवटी कुटुंबांना एक विनंती. आपल्या कर्जत स्थानकावर बोरघाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. १८६३ साली घाटातला मार्ग सुरू झाला, तरी चढ आजही तोच आहे. त्या गाडीस कोणी आळशी म्हणत नाही. चढ आहे हे सर्वांस दिसते, म्हणून मागून जोर लावतात. थकलेल्या माणसाचा चढ आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. तेव्हा घरातील सून, मुलगा, भाऊ यांपैकी कोणी थकल्याची तक्रार करील, तर त्याचे काम काही दिवस वाटून घ्यावे, त्यास वेळेवर ताजे अन्न द्यावे, तपासणीस बरोबर जावे, आणि ‘आळस’ हा शब्द जिभेवर येण्यापूर्वी सुश्रुतांचा भेद आठवावा. आपल्या मंडळाने पुढील वर्षी स्त्रियांसाठी रक्ततपासणीचे एखादे शिबिर भरवले, तर आमच्या आजच्या बोलण्याचे सार्थक होईल.