शिखरांची यादी आणि वाटेचा सोबती

शाळेच्या भूगोलांत सह्याद्रीच्या उंच शिखरांची एक यादी असते. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, हरिश्चंद्रगड १४२४, सप्तशृंगी १४१६, तोरणा १४०४. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीं ती घोकली, परीक्षेंत उतरविली, आणि बहुतेकांच्या स्मरणांतून ती परीक्षेबरोबरच उतरली. परंतु शंभरांत एखादा असा निघतो कीं, त्याच्या मनांत ती घर करून राहते. पुढें नोकरी लागते, संसार होतो. आणि एके सकाळीं गच्चीवरून त्र्यंबकची डोंगरओळ निळी दिसत असतां त्याला वाटतें कीं, आजवर तोंडपाठ असलेली ही यादी आतां पायांनीं वाचून काढावी.

नाशिककरास असें वाटणें स्वाभाविकच आहे. कळसूबाई इगतपुरी व अकोले तालुक्यांच्या सीमेवर उभी आहे, साल्हेर बागलाणांत, सप्तशृंगी कळवण तालुक्यांत. म्हणजे सहांपैकीं तीन शिखरें त्याच्या अंगणांतलीं म्हणावयास हरकत नाहीं. त्यांतून ही यादी पुरती नाहीं, हेंही त्याला लवकरच उमगतें. चांदवडकडे जाणाऱ्या सातमाळा रांगेंतला धोडप सप्तशृंगीहून उंच. अकोल्याचा घनचक्कर १५०० मीटरांवर. कळसूबाईच्या शेजारचे अलंग, मदन आणि कुलंग हे तिघे तर तोरण्यास सहज मागें टाकणारे. पाठ्यपुस्तकानें यांची दखल घेतली नाहीं म्हणून डोंगर कांहीं कमी झाले नाहींत. सहांची यादी पाहतां पाहतां विसांवर जाते.

आरंभ सोपा असतो. महाबळेश्वरास मोटार जाते. कळसूबाईला बारी गांवाकडून जाणारी वाट मळलेली आहे आणि अवघड कातळावर लोखंडी शिड्या आहेत; नवरात्रांत तेथें म्हाताऱ्या बायकाही देवीच्या दर्शनास चढतात. साल्हेरला दमछाक होते, परंतु पायऱ्या व दरवाजे वाट दाखवितात. १६७२ सालीं ज्याच्या पायथ्याशीं मराठ्यांनीं मोगलांस उघड्या मैदानांत हरविलें, आणि २०२५ च्या जुलैंत ज्याचें नांव मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेलें, तो हा गड. येथवर घरचे, कचेरींतले, शेजारचे असे कोणीही सोबती चालतात. डबे बांधावे, पहाटे निघावें, रात्रीं परत यावें. आणि नेमकी येथेंच फसगत होते. पांच शिखरें झालीं म्हणजे मनुष्यास वाटूं लागतें कीं, सहावेंही तसेंच होईल.

अलंग आणि मदन तसे होत नाहींत. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं या मुलुखांतल्या अनेक गडांच्या पायऱ्या उडवून दिल्या, पुन्हां कोणी वर जाऊन बसूं नये म्हणून. त्यांनीं योजिलें तें दोनशें वर्षें टिकलें आहे. मदनच्या वाटेंत पायऱ्या मधेंच तुटतात व पुढें उघडा कातळ येतो. अलंगलाही सरळ भिंतीचा टप्पा आहे. तेथें दोर लागतो, आणि दोराबरोबर तो वरून धरणारा मनुष्य लागतो. हा मनुष्य बाजारांत मिळत नाहीं.

सह्याद्रीचा घडाच असा आहे कीं, येथें परक्या डोंगरांतला अनुभव अपुरा पडतो. हा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा पदर; पुन्हां कडा, पुन्हां पदर. वाट पदरावरून आडवी जात जात कड्यांतली एखादी नाळ शोधते आणि तेथूनच वर चढते. ती नाळ चुकली तर मनुष्य सुंदर पदरावरून तासभर चालत अशा ठिकाणीं जातो कीं, वर भिंत आणि खालीं दरी. त्यांत कारवी माथ्याएवढी वाढली असली म्हणजे दहा पावलांवरचें दिसत नाहीं. वाळलेल्या गवताखालचा घसारा तर हिमालयांत बर्फ तुडविलेल्यासही बसवितो. कड्यावर आग्यामोहोळ असलें तर चूल पेटविणेंही जिवावर बेततें. ही सर्व माहिती पुस्तकांत आहे. हरीश कपाडियांचें ‘ट्रेक द सह्याद्रीज्‌’ अनेकांनीं पिशवींत बाळगलें. परंतु पुस्तक हांक मारून थांबवीत नाहीं.

मग सोबती अनुभवी आहे हें ओळखावें कशावरून? किती शिखरें झालीं, हा प्रश्न बहुधा पहिल्यानें विचारला जातो आणि तो सर्वांत निरुपयोगी आहे. छायाचित्रें तर मुळींच पुरावा नव्हेत. त्याहून, कोठून परत फिरलास, असें विचारावें. जो कधींच परत फिरला नाहीं, तो एक तर फार भाग्यवान असतो किंवा फार थोडें हिंडलेला. ज्याला सांगतां येतें कीं, अमुक महिन्यांत अमुक गडाचें टाकें आटलें होतें, म्हणून खिंडींतूनच मंडळींस खालीं आणलें, त्याच्यामागें निःशंक जावें. तो चालतो कसा, हेंही पाहावें. पुढें धांवणारा नको. शेवटच्या माणसाकडे वळून पाहणारा हवा. उतरतांना तो कोठें उभा राहतो, यावरून पुष्कळ कळतें, कारण थकवा, अंधार आणि घाई हीं तिन्ही उतरणीवर एकत्र येतात. आणि दोराची गांठ त्यानें स्वतः मारली तरी दुसऱ्याकडून तपासून घेतली पाहिजे. ज्याला हें अपमानाचें वाटतें, तो घरींच बरा.

याची परीक्षा एकदम अलंगवर घेऊं नये. अंजनेरी, ब्रह्मगिरी, धोडप अशा जवळच्या डोंगरांवर दोन-चार वेळां बरोबर जावें. एकमेकांचा वेग, श्वास, राग आणि भूक कळण्यास तेवढें पुरतें.

यादीचें हें वेड आपल्याकडेच आहे असें नाहीं. स्कॉटलंडांत सर ह्यू मन्रो यांनीं १८९१ सालीं तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी छापली. आज सहस्रावधि लोक ती पुरी करतात. परंतु १९१९ त मन्रो वारले तेव्हां खुद्द त्यांची ती अपुरीच होती. स्काय बेटावरचा एक उभा सुळका त्यांस शेवटपर्यंत साधला नाहीं. सुळका असा कीं, सामान्य चढणाऱ्याचें दोर व जोडीदार यांवांचून तेथें कांहीं चालत नाहीं. उलट, अमेरिकेंतल्या ॲडिराँडॅक डोंगरांतलीं चार हजार फुटांवरचीं म्हणून मानलेलीं ४६ शिखरें रॉबर्ट व जॉर्ज मार्शल या भावांनीं १९१८ ते १९२५ च्या दरम्यान पुरीं केलीं. पुढें मोजणी सुधारली, तेव्हां त्यांतलीं चार शिखरें चार हजारांहून कमी भरलीं. परंतु चढणाऱ्यांनीं ती यादी सोडली नाहीं. या भावांची नांवें सर्वत्र घेतलीं जातात. त्यांच्याबरोबर प्रत्येक शिखरावर गेलेला तिसरा मनुष्य म्हणजे कुटुंबाचा वाटाड्या हर्बर्ट क्लार्क. तो वयानें त्यांच्याहून पुष्कळ वडील आणि त्या रानाचा पुरा माहितगार होता.

आपल्याकडचा हर्बर्ट क्लार्क आंबेवाडींत किंवा उडदवण्यांत राहतो. अलंग-मदन-कुलंगच्या पायथ्याच्या या वाड्यांतलीं माणसें गुरांमागें, मधासाठीं, लाकडासाठीं त्या पदरांवर लहानपणापासून हिंडलेलीं असतात. कोणत्या टाक्यांत फाल्गुनापर्यंत पाणी राहतें, हें शहरांतला कोणताही नकाशा सांगणार नाहीं. त्याला ठरलेली मजुरी द्यावी, जेवणास आपल्याबरोबर बसवावें, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालूं नये. मात्र दोराचें काम शिकलेला मनुष्य निराळा लागतो. त्यासाठीं नाशिकमध्यें वैनतेय, पुण्यास गिरिप्रेमी अशा संस्था आहेत. दार्जिलिंगच्या व उत्तरकाशीच्या गिर्यारोहण विद्यालयांत शिकून आलेली मंडळी अशा संस्थांतून भेटतात. मोबाइलवरील जाहिरात पाहून चाळीस अनोळखी माणसांत पैसे भरून जाणें, हा सोबती मिळविण्याचा मार्ग नव्हे; ती केवळ गर्दी. पावसाळी रविवारीं हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर ती पाहावयास मिळते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. तेव्हां मुलाला अथवा मुलीला धाडणाऱ्या आईबापांनीं, नेणारा नोंदलेला आहे काय, त्याच्याबरोबर शिकलेले किती व नवखे किती, हें विचारण्यास संकोच करूं नये.

एका शिखराची गोष्ट मात्र वेगळी. सप्तशृंगीच्या मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत, २०१८ पासून रुळांवरची गाडीही आहे. पण मंदिराच्या वर जो उभा कडा जातो, त्याच्या माथ्यावर चैत्रोत्सवांत रात्रीं ध्वज लावण्याचा मान दरेगांवच्या गवळी घराण्याकडे आहे. इतर कोणी तेथें जात नाहीं. यादी पुरी करणाऱ्यानें येथें देवीच्या पायरीशीं नमस्कार करावा आणि १४१६ च्या आंकड्यापुढें खूण करावी कीं नाहीं, हें स्वतःच ठरवावें.

अलंग-मदनचा बेत ज्यांस या वर्षीं करावयाचा असेल, त्यांनीं दसऱ्यापूर्वींच वाड्यांत जाऊन बोलणें करून ठेवावें. दिवाळीच्या सुमारास भातकापणी चालते आणि वाटाडे शेतांत गुंतलेले असतात. कापणी उरकून खळीं झालीं कीं मार्गशीर्ष-पौषांत त्यांस सवड असते. कातळ कोरडा, टाकीं भरलेलीं आणि दिवस मात्र आंखूड. म्हणून निघण्याची वेळ पहांटे चारची धरावी, आणि कोणत्या बाजूनें उतरणार तें एका कागदावर लिहून घरीं व वाडींतल्या ओळखीच्या घरीं ठेवावें.